एकेका कणाचा हिशेब: प्रस्तावना

संपूर्ण शरीराला एकाच वेळी चार-पाच ग्रे प्रारणाचा डोस मिळाला आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला एक ज्यूल. चार ज्यूल ऊर्जेने किलोभर पाणी किती तापेल, याचे गणित शाळेतला मुलगाही करू शकतो. उत्तर येते अंशाच्या साधारण हजाराव्या भागाइतके. माणूस मारायला पुरेशी असलेली ही ऊर्जा त्याच्या अंगाला उबही देत नाही. घातकपणा ऊर्जेच्या एकूण साठ्यात नसतो. ती ऊर्जा पेशीतल्या नेमक्या रेणूंवर, तुकड्यातुकड्यांनी पडते आणि त्यांचे बंध तोडते, यात तो असतो.

या एका गणितातून हा सगळा विषय उभा राहिला आहे. प्रमाणशाळांत फार कसोशीने उष्णतेवरून डोस मोजतात, पण एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञाच्या खिशाला तसे यंत्र लावता येत नाही. त्याच्यासाठी वेगळी वाट शोधावी लागली, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत त्या वाटेला दोन फाटे फुटले. एका पंथाने ठरवले, की पडलेल्या प्रारणाची खूण एखाद्या पदार्थात साठू द्यायची आणि नंतर एकदम वाचायची. दुसऱ्याने ठरवले, की आलेला प्रत्येक कण त्याच क्षणी मोजायचा. प्रस्तुत पुस्तक ज्या पिक्सेल चिपबद्दल आहे ती दुसऱ्या पंथातली, पण तिची खरी किंमत पहिला पंथ समजल्याशिवाय कळत नाही.

हे दोन्ही पंथ समजून घ्यायला मला पुणे जिल्ह्यातले इनामगाव सोयीचे वाटते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 पासून पंधराएक वर्षे केले. ह. धी. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची नावे. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात येथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते, हे आज आपण ठामपणे सांगतो. हा ठामपणा कुठून आला? कोळशाच्या तुकड्यांतून. भारतातली रेडिओकार्बन कालमापनाची प्रयोगशाळा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सुरू झाली आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेली. धर्मपाल अगरवाल आणि शीला कुसुमगर यांनी या कामात घातलेल्या वर्षांवर पश्चिम भारताच्या प्रागैतिहासिक कालक्रमाचा बराच भाग उभा आहे.

त्या मोजणीतले आकडे पाहण्यासारखे आहेत. आजच्या सजीवातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये दर मिनिटाला साधारण साडेतेरा अणू फुटतात. तीन हजार वर्षांपूर्वी तोडलेल्या लाकडाच्या कोळशात साडेनऊच्या आसपास. इनामगावचे वय या चारेक ठोक्यांच्या फरकात लपलेले असते. वैश्विक किरण, भिंतीतले पोटॅशियम आणि खुद्द उपकरणातली अशुद्धी याहून कितीतरी जास्त ठोके देतात. म्हणून शिशाच्या जाड भिंती उभारायच्या, भोवती पहारेकरी काउंटर लावायचे आणि दोघांनी एकाच वेळी दिलेला ठोका वगळायचा. कण एकेक करून मोजण्याची शिस्त ती हीच. आवश्यक ठोका कोणता आणि टाकाऊ कोणता, हा निर्णय प्रत्येक वेळी घ्यावा लागतो. आजच्या चिपमध्ये हा निर्णय प्रत्येक पिक्सेल स्वतः घेतो.

इनामगावच्या त्याच पांढरीत सापडणारे खापर मात्र पहिल्या पंथाचे. जोर्वे प्रकारची ही भांडी चांगली खणखणीत भाजलेली असतात. भट्टीत मडके तापले, की मातीतल्या क्वार्ट्‌झच्या कणांत तोवर अडकून पडलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि पाटी कोरी होते. मडके फुटून जमिनीत गेले, की आजूबाजूच्या मातीतले युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम त्यावर पुन्हा प्रारण टाकू लागतात आणि इलेक्ट्रॉन पुन्हा अडकू लागतात. दख्खनचा काळा कातळ या बाबतीत बराच सौम्य आहे. वर्षाला एक-दोन मिलीग्रे इतकाच हिशेब धरला तरी तीन हजार वर्षांत काही ग्रे होतात. प्रयोगशाळेत खापराची पूड पुन्हा तापवली, की ते इलेक्ट्रॉन सुटताना मंद प्रकाश देतात. जितका प्रकाश, तितका साठलेला डोस. भाजलेले प्रत्येक खापर हे असे डोस मोजणारे उपकरण असते, कुंभाराने ते त्यासाठी घडवलेले नसले तरी.

आपल्या रुग्णालयांत छातीवर लावलेला टीएलडी बॅज नेमक्या याच तत्त्वावर चालतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने 1975 पासून फिल्म बॅजच्या जागी तो आणला. उघडून पाहिला तर आत निकेलचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिसते आणि तिच्या तीन भोकांत टेफ्लॉनमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन पांढऱ्या चकत्या बसवलेल्या असतात. सल्फेटात डिस्प्रोशियमचा किंचित अंश. एका चकतीसमोर तांबे आणि अ‍ॅल्युमिनियमचा पडदा, दुसरीसमोर प्लॅस्टिक, तिसरी उघडी. ठरलेल्या मुदतीनंतर, रुग्णालयांत बहुधा तिमाहीला, बॅज परत जातो, चकत्या गरम नायट्रोजनच्या झोतात तापवतात, निघालेला प्रकाश मोजतात आणि त्या माणसाच्या नावापुढे आकडा नोंदला जातो. स्वस्त, मजबूत, विजेची गरज नाही. मान्सूनच्या दमटपणात आणि मेच्या उन्हात देशभर चालणारी ही व्यवस्था तुर्भ्याच्या भाभा केंद्राने इथल्या गरजेतून उभी केली. पिक्सेल चिपचे कौतुक करताना तिला कमी लेखणाऱ्यांशी माझे जमत नाही.

तरीही या बॅजला दोन मर्यादा आहेत आणि या पुस्तकाचे कारण त्याच आहेत.

पहिली सरळ आहे. बॅज मुदत संपल्यावर बोलतो. आकडा जास्त आला, तर तो जानेवारीतल्या कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणत्या शस्त्रक्रियेत चढला हे बॅज सांगू शकत नाही. भारतात व्यावसायिक कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांत 100 मिलीसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30 मिलीसीव्हर्ट अशी आहे. ती पाळायची तर आकडा वेळेवर हवा.

दुसरी मर्यादा सूक्ष्म आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. कॅल्शियम सल्फेट हे मांसपेशीपेक्षा जड मूलद्रव्यांचे. कमी ऊर्जेचे एक्स-रे, तीस-चाळीस किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे, ते शरीरापेक्षा कितीतरी पट अधिक शोषते. साधारण दहापट. मग त्याच प्रकाशाचा अर्थ कमी ऊर्जेचे थोडे प्रारण असाही होतो आणि जास्त ऊर्जेचे बरेच प्रारण असाही. तीन चकत्यांसमोरचे वेगवेगळे पडदे त्यासाठीच आहेत. तिन्हींच्या गुणोत्तरावरून ऊर्जेचा अंदाज बांधायचा आणि आकडा सुधारायचा. सिलिकॉनही या दोषातून सुटलेले नाही. शिरूर-दौंडकडच्या कोणत्याही डेअरीवर दूध नुसते लिटरवर घेत नाहीत, फॅट लावल्याशिवाय भाव ठरत नाही. डोसचेही तसेच. किती कण आले एवढ्याने भागत नाही, प्रत्येकाने किती ऊर्जा टाकली हे कळावे लागते. गायगर-म्युलर नळी 1928 पासून कण मोजते आहे, पण तिचा प्रत्येक ठोका सारखाच असतो.

ऊर्जा मोजायची तर प्रत्येक कण वेगळा पकडायला हवा आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र विद्युत परिपथ हवा. हे शक्य झाले कण-भौतिकीमुळे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एरिक हाइने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस एक कल्पना हाती घेतली. सिलिकॉनचा संवेदक वेगळा, वाचणारी चिप वेगळी, आणि दोन्ही एकमेकांवर पालथ्या घालून धातूच्या सूक्ष्म गोळ्यांनी पिक्सेलगणिक जोडायच्या. हेतू होता टकरीतून उडालेल्या कणांचे मार्ग शोधण्याचा. पण एक्स-रेसाठीही हेच चालेल, हे लवकरच ध्यानात आले आणि मेडिपिक्स नावाची चिपांची मालिका सुरू झाली. तिच्या दुसऱ्या पिढीत 256 गुणिले 256 पिक्सेल, प्रत्येकाची बाजू 55 मायक्रॉन. 2006 साली त्यातून टाइमपिक्स निघाली. तिचा पिक्सेल नुसता मोजत नाही, संकेत किती वेळ उंबरठ्याच्या वर राहिला हेही सांगतो, आणि त्यावरून ऊर्जा निघते. 2012 पासून टाइमपिक्स आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अंतराळवीरांचा डोस मोजण्याच्या कामी लागली.

आपल्याकडे पिक्सेल नवखे नाहीत. 28 सप्टेंबर 2015 रोजी निघालेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे 64 संवेदक आहेत, प्रत्येकी 256 पिक्सेलचे, एकूण 16,384. हे उपकरण मुंबईत टीआयएफआरमध्ये घडले आणि त्याची माहिती पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात हाताळली गेली. एकेका पिक्सेलचा स्वभाव, कोणता गोंगाट करतो, कोणता मुका झाला आहे, कोणाचा उंबरठा सरकला आहे, हे ओळखणारी माणसे या दोन शहरांत तयार झाली. संवेदक आणि त्यातली चिप मात्र बाहेरून आली. 2008 साली चांद्रयान-1 वर डोस मोजण्यासाठी गेलेले रॅडोम उपकरण बल्गेरियाचे होते. सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठी भाभा केंद्राने बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये सिलिकॉनचे स्ट्रिप संवेदक बनवून घेतले, आणि कण-भौतिकीच्या प्रयोगांसाठी मानस व अनुस्पर्श यांसारख्या वाचक चिपांची रचना आपल्या संस्थांनी केली. संवेदक जमला, संकेत वाचणारी चिप जमली, माहितीचे विश्लेषण जमले. डोस मोजणारी पिक्सेल चिप कागदापासून सिलिकॉनपर्यंत नेण्याचा टप्पा मात्र आपल्याकडे रुजायचा आहे.

आता एका पिक्सेलच्या आत जाऊ. अमेरिशियम-241 या समस्थानिकाचा गॅमा किरण 59.5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो, प्रयोगशाळेत मापनासाठी हमखास वापरला जाणारा. तो सिलिकॉनमध्ये पूर्ण शोषला गेला, तर दर 3.6 इलेक्ट्रॉनव्होल्टला एक या हिशेबाने साडेसोळा हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात. एकूण प्रभार 2.65 फेम्टोकूलोम. तो दहा फेम्टोफॅराडच्या धारित्रावर साठवला, तर पाव व्होल्टाचा संकेत मिळतो, आणि एवढ्यावर डिजिटल तर्क चालू शकतो. म्हणून पिक्सेलमधल्या प्रवर्धकाचे धारित्र इतके लहान ठेवतात. साठलेला प्रभार नंतर ठरावीक प्रवाहाने रिकामा करायचा. जितका प्रभार, तितका वेळ, आणि तो वेळ घड्याळाच्या ठोक्यांनी मोजायचा. संवेदकातून सतत झिरपणारा गळती प्रवाह वेगळा काढावा लागतो. त्यासाठी फ्रान्स्वा क्रुमेनाखर यांनी सुचवलेला परिपथ तीस वर्षांनंतरही बहुतेक चिपांत दिसतो. मोजक्या ट्रान्झिस्टरांत दोन कामे उरकणारी इतकी नेटकी रचना विरळा, आणि लेखकांनी तिच्यावर पुरेसा वेळ घालवला आहे याचे मला समाधान आहे.

पिक्सेल केवढा असावा? नवख्या अभियंत्याचे उत्तर ठरलेले असते: जितका लहान तितका चांगला. प्रतिमेसाठी ते बरोबर आहे. डोससाठी चूक आहे. सिलिकॉनमध्ये सुटलेले इलेक्ट्रॉन खालच्या टोकापर्यंत पोचेतो पसरतात. काठापासून पंधरा मायक्रॉनच्या पट्ट्यात पडलेला कण शेजाऱ्याशी प्रभार वाटून घेतो असे मानू. 55 मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये असा काठ सोडून आतला भाग उरतो जेमतेम पाचवा हिस्सा. 220 मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये तीन चतुर्थांश. लहान पिक्सेलमध्ये बहुतेक कणांची ऊर्जा दोन-तीन ठिकाणी विभागली जाते आणि साठ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक कण तीस-तीसचे दोन म्हणून नोंदला जातो. डोसच्या हिशेबात हा घोटाळा भारी पडतो.

यावर दोन उपाय निघाले. मेडिपिक्स-3 मध्ये शेजारचे चार पिक्सेल आपसांत बोलून प्रभाराची बेरीज करतात. उपाय देखणा आहे, पण परिपथ वाढतो आणि वीज जास्त लागते. दुसरा उपाय डोसपिक्स या चिपमध्ये दिसतो. सर्न आणि जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठाने मिळून 130 नॅनोमीटर तंत्रात ती केली. 16 गुणिले 16 पिक्सेल, दोन पिक्सेलमधले अंतर 220 मायक्रॉन. मोठ्या पिक्सेलच्या ओळींसोबत कडेला 55 मायक्रॉनच्या लहान पिक्सेलच्या ओळी, प्रारणाचा मारा तीव्र झाला तर त्यांच्यावर भिस्त ठेवता यावी म्हणून. प्रत्येक पिक्सेलमध्ये ऊर्जेचे सोळा कप्पे. कण आला, ऊर्जा मोजली, योग्य कप्प्यातला आकडा एकाने वाढला. शेवटी प्रत्येक कप्प्याला त्याचा गुणक लावून बेरीज केली की डोस. आणि गंमत बघा, यावरून बनवलेल्या व्यक्तिगत डोसमापीत तीन चिपा शेजारी-शेजारी आहेत, एक उघडी, एक अ‍ॅल्युमिनियमखाली, एक कथिलाखाली. तुर्भ्याच्या बॅजमधल्या तीन चकत्यांमागचा विचार येथेही तसाच लागू पडला.

या क्षेत्रात आज आणखी एक मोठा वाद आहे. संवेदक आणि चिप वेगळ्या ठेवायच्या, की एकाच सिलिकॉनमध्ये दोन्ही करायच्या? सर्नच्या अ‍ॅलिस प्रयोगातली अल्पाइड ही चिप दुसऱ्या प्रकारची. जोडणीचा खर्च वाचतो, चिप पातळ होते. कण-भौतिकीत पुढची दिशा तीच आहे, याबद्दल मला शंका नाही. डोससाठी मात्र मी अजून वेगळ्या संवेदकाच्या बाजूचा आहे. एक्स-रे थांबवायला जाडी लागते, आणि खाली तीच चिप ठेवून वर सिलिकॉनऐवजी कॅडमियम टेल्युराइड बसवण्याची मुभा मला सोडवत नाही. लेखकांचे मत थोडे निराळे आहे. दोन्ही बाजू त्यांनी प्रामाणिकपणे मांडल्या आहेत, वाचकाने स्वतः ठरवावे.

हे सगळे आत्ताच का? कॅथलॅबमधले हृदयरोगतज्ज्ञ आणि परिचारिका रोज प्रारणात उभे राहतात आणि त्यांचे यंत्र प्रारण स्पंदांनी सोडते. क्षणभर प्रचंड, मग शून्य. सर्वसाधारण इलेक्ट्रॉनिक डोसमापी अशा स्पंदात गोंधळतात आणि कमी आकडा दाखवतात, हे आता सर्वमान्य आहे. मारा शेकडो पिक्सेलमध्ये वाटला गेला, की प्रत्येकावरचा भार हलका होतो. टाटा मेमोरियल केंद्राने खारघरला 2023 पासून प्रोटॉन उपचार सुरू केले. तिथे दुय्यम न्यूट्रॉन असतात आणि मिश्र प्रारणात कण ओळखण्याची गरज पडते. टाइमपिक्ससारख्या चिपमध्ये अल्फाचा ठिपका, इलेक्ट्रॉनची वळवळती रेघ आणि जड आयनाचा जाड पट्टा डोळ्यांना वेगळे दिसतात. माणूस अंतराळात पाठवायची तयारी आपण करतो आहोत. त्याच्या खिशातल्या डोसमापीचा प्रश्नही सोबत येतो.

दुसरीकडे साधने हाताशी आली आहेत. मोहालीच्या एससीएल या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत 180 नॅनोमीटरची निर्मिती होते, आणि पिक्सेलच्या प्रवर्धकाला त्याहून बारीक तंत्र लागतेच असे नाही. बारीक तंत्राचा एक लाभ आहे. ऑक्साइडचा थर पातळ असला, की प्रारणाने त्यात अडकलेला प्रभार सहज निसटतो आणि मोजणारी चिप स्वतः टिकाऊ होते. 2020 पासून स्कायवॉटर या चिप कंपनीच्या 130 नॅनोमीटर तंत्राची माहिती खुली झाली आहे. पूर्वी लाखोंच्या सॉफ्टवेअरशिवाय जे करता येत नसे, त्याचा बराच भाग आज विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर होतो.

कमतरता आहे ती जोडणाऱ्या माणसांची. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत चिपचे शिक्षण घेणारा मुलगा डिजिटलकडे वळतो, कारण नोकऱ्या तिथे आहेत. वैद्यकीय भौतिकी शिकणारी मुलगी डोस जाणते, पण ट्रान्झिस्टरच्या गोंगाटापाशी थांबते. दोघांना एका टेबलाशी बसवणारे पुस्तक मराठीत नव्हते. लेखकांनी ते लिहायला घेतले तेव्हा त्यांच्यापुढे सोपा रस्ता होता: सगळ्या चिपांची ओळख करून देणारे माहितीपर पुस्तक. तो त्यांनी टाळला. त्यांनी एकच पिक्सेल घेतला आणि तो वाचकाकडून बांधून घेतला, चुका करू देत, गोंगाटाचे गणित हाताने करायला लावत. मधला काही भाग कठीण आहे. उंबरठ्यांचा पिक्सेलगणिक पडणारा फरक आणि तो दुरुस्त करण्याची पद्धत, हा भाग दुसऱ्यांदा वाचावा लागेल. तो सोपा करून सांगण्याचा मोह लेखकांनी आवरला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. न्यूट्रॉनविषयी आणखी लिहिले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. पुढच्या आवृत्तीत ती भर पडावी.

परिभाषेबद्दल लेखकांनी घेतलेली भूमिका मला पटते. कामाच्या जागी जे बोलले जाते तेच पुस्तकात आले आहे. प्रयोगशाळेत बॅज म्हणतात, पिक्सेल म्हणतात, म्हणून येथेही तसेच.

वाचकांना एक विनंती. पुस्तक हातात घेण्याआधी एनजीस्पाइस हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या, आणि पहिल्या परिपथावर 2.65 फेम्टोकूलोमचा संकेत सोडून त्याचा आलेख स्वतः काढा. आणि तुम्ही रुग्णालयात काम करत असाल, बॅज लावत असाल, तर मागच्या तिमाहीचा आपला आकडा विभागप्रमुखांकडून मागून घ्या. तो तुमचा आहे.